अमेरिकेतल्या 'चांगल्या डिस्ट्रिक्ट'मधून टॉप कॉलेजपर्यंत: नवीन आलेल्या मराठी आईबाबांसाठी

दर उन्हाळ्यात आमच्या भागात दोनतीन तरी नवीन मराठी कुटुंबं येतात, कुणी पुण्याहून थेट, कुणी टेक्सासमधून जॉब बदलून, आणि ओळख झाल्यावर महिन्याभरात प्रश्न येतोच, "ताई, शाळेसाठी म्हणून एवढं भाडं भरतोय, आता आयव्हीत कसं जायचं ते सांगा." आयव्ही म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ नावाजलेली खाजगी कॉलेजं, आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातल्या पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळा चालवणारा विभाग. मी सेंट्रल जर्सीत (न्यू जर्सी राज्याच्या मधल्या भागात) सतरा वर्षं राहतेय, माझी दोन्ही मुलं इथल्याच पब्लिक हायस्कूलमधून शिकली, मोठी २०२२ ला बाहेर पडली आणि धाकटा २०२५ ला. मुलीच्या वेळी बऱ्याच गोष्टी आम्हाला फार उशिरा कळल्या आणि त्याचा त्रास तिला झाला, आम्हाला नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट क्रमाने लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढायला लागेल, ती म्हणजे कटऑफ. आपण बारावीचे मार्क, सीईटी, जेईई, कॅप राउंड बघत मोठे झालो, त्यामुळे आपल्याला वाटतं की कुठेतरी एक मेरिट लिस्ट असणार आणि मुलगा त्यात वर असला की झालं. इथे तशी लिस्टच नाहीये. टॉप कॉलेजात प्रत्येक भागासाठी एक ॲडमिशन ऑफिसर असतो, तो तुमच्या शाळेतून आलेले सगळे अर्ज वाचतो, आणि शाळा सोबत एक 'स्कूल प्रोफाइल' पाठवते ज्यात लिहिलेलं असतं की इथे किती एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे, कोर्स आहेत, ग्रेड कशा पडतात, किती टक्के मुलं चार वर्षांच्या कॉलेजला जातात. म्हणजे तुमच्या मुलाकडे बघताना पहिला प्रश्न असतो की या शाळेने एवढं सगळं समोर ठेवलं होतं, त्यातलं याने काय उचललं. श्रीमंत गावातल्या शाळेचा फायदा हाच आणि अडचणही हीच. शाळेत २५ एपी असतील तर चार घेऊन भागत नाही, आणि ज्या शाळेत तीनच एपी आहेत तिथल्या मुलाने तिन्ही घेतले तर तो तुमच्या मुलाच्या मागे नसतो.

आणि आकडा एकदा बघून घ्या. हार्वर्डला २०२३ मध्ये सुरू होणाऱ्या बॅचसाठी ५६,९३७ अर्ज आले आणि १,९४२ जणांना ऍक्सेप्ट केलं, म्हणजे साडेतीन टक्क्यांहूनही कमी. यातल्या नाकारलेल्या मुलांमध्ये अभ्यासात कमी पडणारी फार थोडी असतात. तेव्हा 'हे हे केलं की आयव्ही नक्की' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

पायरी १: डिस्ट्रिक्ट आणि घर

इथे पब्लिक शाळा फुकट असते पण पत्ता फुकट नसतो. शाळेचा बराच पैसा गावच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, न्यू जर्सीत तर सरासरी घराचा टॅक्सच वर्षाला १०,००० डॉलरच्या आसपास आहे, आणि चांगल्या डिस्ट्रिक्टमध्ये त्याच्या बराच वर. आमच्याकडे वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो, मिलबर्न, न्यूयॉर्ककडे स्कार्सडेल, बॉस्टनजवळ लेक्सिंग्टन, शिकागोच्या बाजूला न्यू ट्रिअर आणि नेपरव्हिल, कॅलिफोर्नियात पालो आल्टो, क्युपर्टिनो, फ्रीमाँटची मिशन सॅन होजे, ही सगळी त्याच प्रकारची. पण घर विकत घ्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही, प्लेन्सबरोमध्ये भाड्याचे अपार्टमेंट्स भरपूर आहेत आणि तिथली मुलं त्याच शाळेत जातात जिथे मोठ्या बंगल्यातली जातात. लीजवर सही करायच्या आधी तो नेमका पत्ता डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रेशन ऑफिसला फोन करून विचारा, एजंटच्या शब्दावर किंवा वेबसाइटच्या रेटिंगवर जाऊ नका, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन शाळा असू शकतात. भारतातून येताना मुलाचे मागच्या तीनचार वर्षांचे मार्कशीट्स, शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत आणा, लसी अपुऱ्या असतील तर ॲडमिशन अडते.

ज्युनियर इयरच्या मध्ये, म्हणजे अकरावीत, शक्यतो गाव बदलू नका. त्याच वर्षीचे शिक्षक शिफारसपत्र लिहितात आणि त्यांना मूल ओळखीचं असावं लागतं.

पायरी २: गणिताची लाईन मिडल स्कूलमध्येच ठरते

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा मोठ्याने सांगते. हायस्कूलमधला गणिताचा जिना सरळ आहे, अल्जिब्रा वन, जिओमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. आठवीत अल्जिब्रा वन झालं तर बारावीत कॅल्क्युलस येतं, सातवीत झालं तर अकरावीत, आणि मग बारावीला मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलससारखं काहीतरी पुढचं घेता येतं. इंजिनीअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्ससाठी टॉप कॉलेजला जायचं असेल तर या शाळांतली मुलं बहुतेक या पुढच्या लाईनवर असतात. आणि कोण कुठल्या लाईनवर जाणार ते पाचवी-सहावीतल्या एका प्लेसमेंट टेस्टवर ठरतं, जिची ईमेल नवीन आलेल्या आईबाबांना दिसतसुद्धा नाही. भारतातून मुलं येतात ती गणितात पुढे असतात पण शाळा त्यांना वयाप्रमाणे सरळ नेहमीच्या वर्गात टाकते. तेव्हा पहिल्या आठवड्यात शाळेच्या काउन्सेलरला (कोर्स आणि कॉलेजबद्दल मुलांना सल्ला देणारा माणूस) नम्रपणे लिहा की प्लेसमेंट टेस्ट द्यायची आहे. मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितली तर बहुतेक वेळा देतात.

पण मुलाला खरंच झेपत नसेल तर ढकलू नका हं. पाया कच्चा ठेवून एक वर्ष पुढे गेलेली मुलं प्रीकॅल्कमध्ये आपटतात, मी तीनचार घरांत बघितलंय, आणि मग मुलाच्या मनात बसतं की मला गणित येत नाही.

पायरी ३: ग्रेड आणि कोर्सेस

नववी ते बारावीला इथे फ्रेशमन, सॉफमोर, ज्युनियर, सीनियर म्हणतात. नववीची ग्रेडसुद्धा ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, कायमची राहते, आपल्याकडे जसं 'दहावीला बघू' असतं तसं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना फक्त दहावी-अकरावी धरते पण बाकीचे बहुतेक नववीपासून बघतात. दोन जीपीए असतात, अनवेटेड म्हणजे ४ पैकी, आणि वेटेड म्हणजे ऑनर्स (नेहमीपेक्षा कठीण वर्ग) आणि एपीला जास्त वजन देऊन काढलेला. शेजारच्याचा ४.७ ऐकून घाबरू नका, प्रत्येक डिस्ट्रिक्टचं गणित वेगळं असतं आणि कॉलेज आपल्या पद्धतीने परत मोजतं.

जीपीएइतकंच, कदाचित जास्त, महत्त्वाचं म्हणजे रिगर. काउन्सेलर कॉलेजला जो फॉर्म भरून देतो त्यात एक प्रश्न असतो की या मुलाने घेतलेला अभ्यासक्रम शाळेतल्या इतरांच्या तुलनेत किती कठीण होता, आणि टॉप कॉलेजसाठी तिथे 'सर्वात कठीण' यावर खूण पडलेली हवी. त्यासाठी नेमकं काय लागतं ते तुमच्या काउन्सेलरला नववीतच विचारा, प्रत्येक शाळेचा हिशोब वेगळा असतो. इंग्रजी, गणित, सायन्स, इतिहास, आणि एक परकी भाषा, हे पाचही विषय चार वर्षं चालू ठेवायचे. भाषा दोन वर्षांत सोडून देणं ही आपल्या लोकांची नेहमीची चूक, कारण आपल्याला ती बिनमहत्त्वाची वाटते.

पायरी ४: काउन्सेलरशी ओळख

पब्लिक शाळेत एका काउन्सेलरकडे दोनशे-अडीचशे मुलं असतात, त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारसच २५० ची आहे आणि ती पाळणारी शाळा चांगली समजायची. महागड्या खाजगी शाळांत कॉलेजसाठी वेगळा माणूस असतो आणि त्याच्याकडे फार कमी मुलं असतात, तो कॉलेजला फोनसुद्धा करतो. आपल्याकडे ते नाही. म्हणून मुलाने स्वतः दर सेमिस्टरला एकदा तरी जाऊन भेटायचं, दहा मिनिटं, काहीतरी खरं विचारायला. आईबाबांनी नाही. आईच्या ईमेल्स काउन्सेलरच्या लक्षात राहतात पण पत्रात लिहायला मुलगा लक्षात राहायला हवा. ज्युनियर इयरच्या शेवटी मुलाला आणि पालकांना एक प्रश्नावली देतात, तिला 'ब्रॅग शीट' म्हणतात, ती आम्ही मुलीच्या वेळी रात्री अकराला बसून घाईत भरली आणि काउन्सेलरचं पत्र तेवढंच कोरडं झालं असणार. धाकट्याच्या वेळी दोन आठवडे घेतले, छोटे छोटे प्रसंग लिहिले. 'हुशार, मेहनती' असली विशेषणं कुणाच्याही मुलाला चालतात, प्रसंग तुमच्या मुलाचाच असतो.

पायरी ५: ॲक्टिव्हिटीज

इथे आपली सगळ्यात जास्त शक्ती आणि पैसा चुकीच्या ठिकाणी जातो.

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे ज्यावरून बहुतेक कॉलेजांना अर्ज जातो, दहा ॲक्टिव्हिटी लिहायला जागा असते आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं. शब्द नाही, अक्षरं. त्यामुळे वीस क्लबांत नाव घालून काही होत नाही. या शाळांमध्ये डिबेट, सायन्स ऑलिंपियाड, रोबॉटिक्स, मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल), डेका (बिझनेसच्या स्पर्धा), सगळं असतं आणि प्रत्येकात शंभर मुलं असतात. ॲडमिशन ऑफिसरला दिसतं ते एवढंच की या मुलाने कशात तरी चार वर्षं जीव लावलाय का आणि तो शाळेच्या भिंतीबाहेर गेलाय का. गणितवाल्या मुलांसाठी एएमसी मग एआयएमई या गणिताच्या स्पर्धापरीक्षा, मग ऑलिंपियाड असा रस्ता आहे, प्रोग्रॅमिंगवाल्यांसाठी युसाको ही स्पर्धा, ज्यात ब्राँझपासून प्लॅटिनमपर्यंत चढायचं असतं, रिसर्चवाल्यांसाठी रिजेनेरॉन ही सायन्सची स्पर्धा, जिथे दरवर्षी देशभरातून ३०० स्कॉलर आणि त्यातून ४० फायनलिस्ट निवडतात. मुलाला खरंच आवड असेल तरच यात पडा, कारण हे रस्ते दहादहा तास देणाऱ्या मुलांनी भरलेले आहेत.

समर प्रोग्रामबद्दल एक साधा नियम. ज्यात निवड कठीण आणि फी नाही किंवा ऐपतीप्रमाणे, जसं एमआयटीतलं आरएसआय (उन्हाळी रिसर्च प्रोग्राम), त्याला वजन आहे. कॉलेजच्या नावाचा टी-शर्ट मिळतो आणि काही हजार डॉलर भरले की कुणालाही घेतात, त्याला नाही. मजेसाठी जायचं तर जा, ॲडमिशनसाठी नको.

आमच्या ओळखीच्या एकांनी सुचवलेल्या कन्सल्टंटकडे आम्ही मुलीला नेलं होतं, तिने पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं की हिच्या नावाने एक नॉनप्रॉफिट काढा. पुढचे सहा महिने आम्ही लोगो, वेबसाइट, जुनी पुस्तकं गोळा करणं यात घालवले, मुलगी त्यात कुठेच नव्हती, सगळं मी आणि तिचे बाबा करत होतो. शेवटी तीच म्हणाली, आई हे खोटं आहे, मला नाही करायचं. बंद केलं. त्या काळात ती दर रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवायला मदत करत होती, चार वर्षं सलग, आणि आम्हाला ते ॲक्टिव्हिटी म्हणून लिहायचं सुचलंसुद्धा नव्हतं कारण ते 'आपलं घरचं' वाटत होतं. तीच तिच्या अर्जातली सगळ्यात खरी गोष्ट ठरली.

तेव्हा बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळेत शिकवणं, मंडळाच्या गणपतीत साउंड सांभाळणं, तबला, भरतनाट्यम, आजीची काळजी घेणं, धाकट्या भावंडाला सांभाळणं, ग्रोसरी स्टोअरमध्ये काउंटरवर काम करणं, हे सगळं लिहायचं असतं. आपल्या लोकांना मुलाने उन्हाळ्यात दुकानात काम केलं तर कमीपणा वाटतो, ते काढून टाका. इथे पगाराची नोकरी केलेल्या मुलाबद्दल आदर असतो.

खेळाबद्दल थोडक्यात. टॉप कॉलेजात खेळाडू म्हणून रिक्रूट होणं हा वेगळाच दरवाजा आहे, कोच नाव देतो आणि अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जातो. पण त्या पातळीचं खेळणारं मूल तुमच्या घरात असेल तर ते तुम्हाला माहीत असेलच, दहावीत टेनिसचे क्लास लावून ते होत नाही. काही श्रीमंत पालकांनी रिक सिंगर नावाच्या माणसाला पैसे देऊन मुलांना खोटे खेळाडू बनवून घुसवलं होतं, ते २०१९ साली उघडकीस आलं आणि काही पालक आणि कोच तुरुंगात गेले.

पायरी ६: झोप

ही पायरी मी मुद्दाम मध्येच घालतेय कारण साधारण इथेच गोष्टी बिघडतात, ज्युनियर इयरच्या हिवाळ्यात. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये २०१५ साली सुपरिंटेंडंटने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाने, मुलांवरचा ताण बघून हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल बंद केल्या, काही रात्री होमवर्कशिवाय ठेवल्या, तेव्हा पालकांमध्ये उभी फूट पडली होती आणि विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखे बाहेरून आलेले बरेच होते. पालो आल्टोत तर मुलांच्या आत्महत्यांनंतर २०१६ साली सरकारच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेची टीम तपासायला आली. ही गरीब, दुर्लक्षित शाळांची गोष्ट नाहीये, आपण जिथे भाडं भरून राहतो त्याच शाळांची आहे.

त्यामुळे घरात एक वेळ ठरवा, आमच्याकडे साडेअकरा होती, त्यानंतर लॅपटॉप हॉलमध्ये. एपी सहा होत असतील आणि मूल रडत उठत असेल तर एक कमी करा, काउन्सेलर सेमिस्टरच्या सुरुवातीला बदलून देतो. घरी फोनवर दुसऱ्याच्या मुलाचा स्कोअर मुलाच्या कानावर पडेल असं बोलू नका. आणि मूल गप्प गप्प झालं, खाणं सुटलं, मित्र सुटले, तर 'होईल ठीक' म्हणून थांबू नका, शाळेच्या काउन्सेलरला त्याच दिवशी सांगा, ९८८ हा आत्महत्येचे विचार आणि मानसिक संकट यासाठीचा मदतीचा नंबर देशभर चोवीस तास चालतो.

पायरी ७: टेस्ट

करोनात बहुतेक कॉलेजांनी सॅट-ॲक्ट ही प्रवेशपरीक्षा ऐच्छिक केली होती, मग एमआयटीने २०२२ ला परत आणली, २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड यांनी जाहीर केलं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिटीज मात्र स्कोअर बघतच नाहीत, पाठवला तरी. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर त्या वर्षाचा नियम बघा. सॅट आता कॉम्प्युटरवर असते, सव्वादोन तासांची, आणि खान अकॅडमीवर तयारी फुकट आहे, कॉलेज बोर्डाचे पूर्ण सराव पेपरही फुकट आहेत. दहावीच्या उन्हाळ्यात अभ्यास, अकरावीत दोन वेळा, फार तर तीन वेळा द्या आणि विषय संपवा. सॅटला १६०० पैकी १५५० आल्यावर १५८० साठी चौथ्यांदा बसवणारे पालक मला माहीत आहेत, त्या तीन शनिवारांत मूल झोपलं असतं तर जास्त फायदा झाला असता.

पायरी ८: पैसे आणि व्हिसा, कॉलेजची यादी करायच्या आधी

हे लोक शेवटी बघतात. आधी बघा. टॉप खाजगी कॉलेजचा राहण्याखाण्यासकट खर्च आता बऱ्याच ठिकाणी वर्षाला ९०,००० डॉलरच्या वर आहे, चार वर्षांचे साडेतीन लाखांहून जास्त. आयव्ही कॉलेजं मेरिट स्कॉलरशिप देत नाहीत, फक्त उत्पन्न बघून मदत देतात. हार्वर्डने २०२५ मध्ये जाहीर केलं की साधारण मालमत्ता असलेल्या, २,००,००० डॉलरपर्यंत उत्पन्नाच्या घरांना ट्यूशन माफ. पण दोन आयटी पगार असलेलं घर याच्या वर जातं आणि तरीही ९०,००० बाजूला पडलेले नसतात, आपल्यातले बरेच जण नेमके याच ठिकाणी अडकतात. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असतो, कायद्याने ठेवावाच लागतो, अकरावीच्या उन्हाळ्यात नवराबायकोने बसून दहा कॉलेजांचा भरा आणि आपण वर्षाला किती देऊ शकतो तो आकडा मुलाला खरा सांगा. आधी 'तू फक्त ॲडमिशन मिळव, पैशाचं आम्ही बघू' म्हणायचं आणि एप्रिलमध्ये नाही म्हणायचं, हे फार वाईट.

व्हिसाची गोष्ट वेगळी. मूल इथे जन्मलेलं किंवा ग्रीनकार्डवालं असेल तर सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्म भरता येतो, आईबाबा एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) असले तरी. मूल स्वतः एच-फोरवर (एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल तर भरता येत नाही, आणि बरीच कॉलेजं मदतीच्या बाबतीत त्याला इंटरनॅशनल धरतात, मग ते दुसरीपासून इथे शिकलेलं का असेना. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट अशी काही मोजकीच कॉलेजं नागरिकत्व न बघता निवड करतात आणि गरज असेल तेवढी पूर्ण मदत देतात. बाकीच्यांना मदत मागितली तर निवडीवर परिणाम होऊ शकतो. राज्याच्या युनिव्हर्सिटीत एच-फोरच्या मुलाला राज्यातली कमी फी लागते का, तो नियम राज्याराज्यात वेगळा. आणि २१ पूर्ण झाले की एच-फोर संपतो, कॉलेज चालू असतानाच एफ-वनवर (विद्यार्थ्यांच्या व्हिसावर) जायला लागतं. हे सगळं नववीत असताना एकदा वकिलाकडे बसून समजून घ्या.

पायरी ९: यादी आणि अर्ली डिसिजन

शाळेकडे नॅव्हिअन्स किंवा स्कॉयर नावाचं पोर्टल असतं, त्यात तुमच्याच शाळेतून मागच्या वर्षांत कुठल्या जीपीएला कुठे ॲडमिशन मिळाली याचे ठिपके दिसतात. पेपरातल्या रँकिंगपेक्षा हे कितीतरी कामाचं. फक्त एक लक्षात ठेवा, त्या ठिपक्यांमध्ये रिक्रूट झालेले खेळाडू आणि ज्यांचे आईबाबा त्याच कॉलेजात शिकले अशी मुलंही असतात, त्यामुळे कमी जीपीएचा एखादा हिरवा (ॲडमिशन मिळालेला) ठिपका बघून हुरळून जाऊ नका. दुसरं म्हणजे 'कॉमन डेटा सेट', कॉलेजच्या नावापुढे हे शब्द टाकून शोधा, त्यातला सी-सेव्हन हा तक्ता बघा, कॉलेज कशाला किती महत्त्व देतं ते त्यांनीच भरलेलं असतं, आईवडील माजी विद्यार्थी असणं धरतात की नाही तेसुद्धा.

आता अर्ली डिसिजन. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच कॉलेजला अर्ज, डिसेंबरच्या मध्यावर निकाल, आणि घेतलं तर जायलाच लागतं, मुलगा, पालक, काउन्सेलर तिघांच्या सह्या असतात. पेन, कोलंबिया, ब्राऊन, कॉर्नेल, डार्टमथ, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न इथे ही पद्धत आहे आणि अनेक ठिकाणी जवळपास अर्धी बॅच यातूनच भरते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डला अर्ली आहे पण बांधील नाही, फक्त बाकी खाजगी कॉलेजांना त्याच वेळी अर्ली करता येत नाही. श्रीमंत गावातली मुलं टॉप कॉलेजात जास्त दिसतात त्याचं एक अगदी साधं कारण इथे आहे. ज्यांना चार कॉलेजांच्या मदतीची तुलना करायची गरज नाही ते डोळे मिटून अर्ली डिसिजन करतात, आणि ज्यांना एकेक डॉलर बघायचा आहे त्यांना मार्चपर्यंत थांबावं लागतं. मला हे अन्यायाचं वाटतं. राज चेट्टी आणि त्यांच्या सोबतच्या अर्थतज्ज्ञांनी २०२३ ला दाखवलं की सारखाच सॅट-ॲक्ट स्कोअर असताना सगळ्यात वरच्या एक टक्का उत्पन्नाच्या घरातली मुलं मध्यमवर्गीय मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात आयव्ही आणि त्या तोडीच्या कॉलेजात जातात, माजी विद्यार्थ्यांची मुलं, खेळाडू आणि अभ्यासाबाहेरचं रेटिंग ही त्याची तीन मोठी कारणं, आणि मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीजमध्ये त्यांना तो फरक दिसला नाही. तरी नियम आहे तो असा आहे. नेट प्राइस कॅल्क्युलेटरचा आकडा परवडत असेल आणि मुलाला ते कॉलेज मनापासून पहिलं वाटत असेल तर करा, नुसतं चान्स वाढतो म्हणून नको.

यादीत निदान दोन अशी कॉलेजं हवीत जिथे ॲडमिशन जवळजवळ नक्की, फी परवडते, आणि मूल आनंदाने जाईल. तिन्ही अटी. टेक्सासमध्ये राहत असाल तर तिथे वर्गातल्या क्रमांकावर आपोआप ॲडमिशनचा कायदा आहे, युटी ऑस्टिनला २०२६ पासून तो वरच्या ५ टक्क्यांवर आलाय, आणि भारी शाळेत त्या ५ टक्क्यांत येणं साध्या शाळेपेक्षा खूप कठीण, घर घेताना हेही धरा. विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना ही नावं आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी घेत नाही, छोटी कॉलेजं आहेत, पण शिक्षण पहिल्या दर्जाचं. शांत, प्रश्न विचारणाऱ्या मुलांसाठी नक्की बघा.

पायरी १०: निबंध आणि पत्रं

कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं. मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंत, शिवाय प्रत्येक कॉलेजचे वेगळे छोटे प्रश्न. कॅलिफोर्नियाचं ॲप वेगळं, तिथे आठातले चार प्रश्न, प्रत्येकी ३५० शब्द, आणि शिक्षकांची पत्रं साधारणपणे लागत नाहीत. मुख्य निबंध शाळा सुरू व्हायच्या आत संपवा, सप्टेंबरनंतर वेळ मिळत नाही.

माझ्या मुलीने पहिला मसुदा भारतात गेल्यावर बघितलेल्या गरिबीवर लिहिला होता, तिच्या इंग्रजीच्या शिक्षिकेने वाचून फक्त विचारलं, "यात तू कुठे आहेस?" मग तिने मराठी शाळेतल्या पाच वर्षांच्या मुलांना 'ळ' शिकवण्यावर लिहिलं. बाळ म्हणायला सांगितलं की मुलं बाल म्हणायची, आणि शिकवता शिकवता तिच्या लक्षात आलं की तिचा स्वतःचा 'ळ' पण धड येत नाही, मग ती आजीला रोज फोन करून कमळ, टाळ, पोळी म्हणत बसायची. त्यात पुरस्कार नव्हता, मोठं दुःख नव्हतं, पण ती होती. आईबाबांनी निबंध वाचावा, स्पेलिंग सांगावं, आणि हात मागे घ्यावा. चाळिशीतल्या माणसाने लिहिलेलं वाक्य सतरा वर्षांच्या मुलाच्या निबंधात लगेच कळतं.

शिक्षकांच्या पत्रासाठी अकरावीच्या मे महिन्यात विचारायचं, लोकप्रिय शिक्षक ठरावीक पत्रं झाली की थांबतात. ज्या विषयात ए मिळाला त्यापेक्षा ज्या वर्गात मूल बोललं, अडखळलं, परत उभं राहिलं तो शिक्षक निवडा. आणि शाळेच्या ऑफिसची ट्रान्सक्रिप्ट मागवायची तारीख कॉलेजच्या तारखेच्या बरीच आधी असते, कॅलेंडरमध्ये ती पहिली टाका.

पायरी ११: निकाल लागल्यावर

डिसेंबरात डिफर झालं, म्हणजे निर्णय पुढे ढकलला, तर तो नकार नाही, जानेवारीत एक छोटं पत्र पाठवायचं, नवीन ग्रेड, नवीन काही केलं असेल ते, आणि अजून यायचंय हे. बारावीचे पहिल्या सेमिस्टरचे मार्क कॉलेजला जातात, त्यात ढिलाई नको, आणि शेवटचेही जातात, फार घसरले तर दिलेली ॲडमिशन काढून घेतात. आयव्हीचे निकाल मार्चच्या शेवटी सगळे एकाच संध्याकाळी लागतात, त्या संध्याकाळी घरात पाहुणे नकोत, नातेवाइकांचे फोन आईने घ्यायचे, आणि मुलाला दार लावून एकट्याने बघायचं असेल तर बघू द्यायचं. माझ्या धाकट्याला त्या दिवशी चार नकार आले. आम्ही कुणी काही बोललो नाही, त्याच्या बाबांनी खिचडी टाकली, दहा वाजता तो स्वतःच खाली येऊन जेवला. तो आता आमच्या राज्याच्या युनिव्हर्सिटीत ऑनर्स प्रोग्रामला आहे आणि पहिल्याच वर्षी एका प्रोफेसरच्या लॅबमध्ये काम करतोय.

मदतीची पत्रं शेजारी शेजारी ठेवून बघा, त्यात कर्जसुद्धा 'मदत' म्हणून लिहिलेलं असतं, ते वजा करून खरा आकडा काढा. एखाद्या तोडीच्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर दुसऱ्याला ते पत्र दाखवून विचारता येतं, लाजू नका. १ मे पर्यंत एका ठिकाणी डिपॉझिट भरायचं, बाकीच्यांना नाही कळवायचं म्हणजे वेटलिस्टवरच्या कुणाला तरी जागा मिळते. मग लसींचे फॉर्म, हॉस्टेलचा फॉर्म, एच-फोरवाल्यांनी व्हिसाची तारीख. आणि ज्या दोन शिक्षकांनी पत्रं लिहिली त्यांना मुलाने स्वतः जाऊन सांगायचं कुठे चाललोय ते, बहुतेक मुलं हे विसरतात आणि ते शिक्षक जूनपर्यंत वाट बघत असतात.